पोटेन्शियल की प्रूव्हन गेम?

प्रश्न : एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगच्या ड्राफ्टमध्ये (टीम्स पाळीपाळीने नवे खेळाडू निवडतात तिथे) टीम्स १८-१९ वर्षांच्या पॉइंट गार्डवर (बॉल हाताळून टीमचा खेळ चालवणारा) वरचा पिक (निवडीचा क्रमांक) का घालवतात? कॉलेजात तीन-चार वर्षं खेळून सिद्ध झालेला पोरगा का नको?

उत्तर : कारण बावीस वर्षांच्या पोराला टीम्स 'तयार झालाय, आता काय वाढणार' असं धरून चालतात, आणि मला हे अजिबात पटत नाही. जेलन ब्रन्सनच बघा, विलानोव्हाकडून २०१६ आणि २०१८ असे दोन कॉलेज किताब जिंकलेला, तरी २०१८ला थेट ३३वा गेला, उंची कमी उडी कमी म्हणून, आणि पुढे न्यूयॉर्कचा ऑल-स्टार (लीगमधल्या निवडक सर्वोत्तम खेळाडूंपैकी एक) झाला. डेमियन लिलार्ड वेबर स्टेट कॉलेजात चार वर्षं खेळून आला, २०१२ला सहावा पिक, लगेच रुकी ऑफ द इयर (मोसमातला सर्वोत्तम नवा खेळाडू).

पण पोटेन्शियलवाले सगळेच फसतात असंही नाही हं, रसेल वेस्टब्रुकला २००८ला चौथा घेतला तेव्हा तो पक्का पॉइंट गार्ड नव्हताच, २०१७ला एमव्हीपी (मोसमातला सर्वोत्तम खेळाडू) झाला.

माझं मत विचाराल तर या पोझिशनला वेग आणि उडीपेक्षा डोकं जास्त लागतं. पिक-अँड-रोलमध्ये (साथीदार बचावपटूला अडवतो आणि मग बास्केटकडे धावतो, म्हणजे रोल करतो) डिफेन्सचा मोठा प्लेअर पुढे आला की अर्ध्या सेकंदात ठरवायचं असतं, रोल करणाऱ्याला पास, कोपऱ्यातल्या शूटरला, की स्वतः शॉट, आणि हे व्हिडिओत दिसतं, शंभर मॅचेस खेळलेल्याचं तर जास्तच दिसतं. म्हणून तुमचा पिक पहिल्या तीनात असेल तर घ्या रिस्क, त्यानंतर मी तरी खेळून दाखवलेलाच घेईन.