खर्र आवाज येतो म्हणून अख्खा ब्रेक बदलायचा का?

प्रश्न: माझी माउंटन बाइक आहे, हायड्रॉलिक डिस्क ब्रेकवाली, घेऊन दोन वर्षं झाली. रोज सकाळी फुटाळ्यावरून सेमिनरी हिल्स चढतो आणि जापानी गार्डनच्या बाजूने उतरतो, रविवारी कधी गोरेवाड्याकडे. पाऊस लागल्यापासून मागच्या ब्रेकमधून खर्र खर्र आवाज येऊन राहिला, आधी फक्त ओलं असताना यायचा आता सुक्यातही येतो, आणि सायकल पहिल्यासारखी थांबत नाही. एका दुकानात दाखवली तर म्हणे अख्खा ब्रेकच बदला. मित्र म्हणतो फक्त पॅड गेलेत. म्हणून व्हिडिओ बघून चक्का काढला, तेवढ्यात लिव्हर चुकून दाबला गेला आणि आता चक्का परत बसतच नाही. काय करू?
— एक वाचक, प्रताप नगर

उत्तर: आधी घाबरणं बंद करा, ब्रेक बिघडलेला नाही. चक्का काढलेला असताना लिव्हर दाबला की मधे अडवायला डिस्क नसते, त्यामुळे पॅडला ढकलणारे दोन्ही पिस्टन पुढे सरकतात आणि पॅड एकमेकांना जाऊन चिकटतात. मी हेच रामटेकला गडाच्या पायथ्याशी पंक्चर काढताना केलं होतं, सोबतचे लोक पोहे खाऊन आले तरी मी तिथेच बसलेलो.

उपाय सोपा आहे. जुने पॅड आतच राहू द्या, त्यांच्या मधे चपटा स्क्रूड्रायव्हर घाला आणि हळूहळू पिळत पिस्टन मागे ढकला, पॅड तसेही फेकायचेच आहेत, खरचटले तर खरचटले. पण पॅड काढून थेट पिस्टनला लोखंड लावू नका, काही पिस्टन सिरॅमिकचे असतात, कड उडाली की मग त्या दुकानदाराचंच खरं होईल. एक आत जाताना दुसरा बाहेर येतो, तेव्हा दोन्हीकडे लक्ष ठेवा. मधे कुणी ब्रेकमधे तेल टॉप-अप केलं असेल तर पिस्टन मागे नेताना वर लिव्हरपाशी जास्तीचं तेल बाहेर येऊ शकतं, तिथे आधीच फडकं गुंडाळून ठेवा.

आता आवाजाचं. ओल्यात येणारी खर्र बहुतेकदा चिखलाचीच असते, आपल्याकडची काळी माती आणि मुरूम पॅड आणि डिस्कच्या मधे गेला की पॉलिश पेपरसारखा घासतो, पॅड पावसाळ्यात भराभर संपतात ते त्यामुळेच. पण सुक्यातही खर्र येत असेल आणि ब्रेक लागत नसेल तर पॅडचा मसाला, म्हणजे डिस्कला घासणारा थर, संपून मागची पत्रीच डिस्कला घासत असण्याची शक्यता जास्त. पॅड बाहेर काढून बघा. शिमानो कंपनीचे असतील तर मसाला ०.५ मिमी उरला की बदलायचे, म्हणजे एटीएम कार्डापेक्षाही पातळ. स्रॅम कंपनीचे असतील तर पत्री धरून एकूण जाडी ३ मिमीच्या खाली गेली की बदला. डिस्कवरही नजर टाका, किती जाडीपर्यंत चालेल ते बहुतेक डिस्कवरच कोरलेलं असतं, शिमानोच्या डिस्कला ते १.५ मिमी. पत्रीने खोल चरे पाडले असतील तर डिस्कही गेली समजा.

नवे पॅड घ्यायला जाताना जुना पॅड खिशात न्या, दर मॉडेलचा आकार वेगळा असतो आणि नुसतं "डिस्कचे पॅड द्या" म्हटलं तर हाती येईल ते मिळतं. मेटलवाले चिखलात जास्त टिकतात पण आवाज जास्त करतात, रेझिनवाले गप असतात आणि लवकर झिजतात. डिस्कवर "रेझिन पॅड ओन्ली" लिहिलं असेल तर मात्र विषयच संपला, मेटल लावायचे नाहीत.

बसवणं दहा मिनिटांचं काम. सायकल उभीच ठेवा, उलटी करू नका. पॅड अडवून धरणाऱ्या पिनचं छोटं लॉक काढा, पिन काढा, दोन्ही पॅड मधल्या स्प्रिंगसकट बाहेर ओढा. आत आयसोप्रोपाइल अल्कोहोलने पुसा, मेडिकलमधे मिळतं. घरात उरलेलं सॅनिटायझर नको, त्यात ग्लिसरीन असतं. नवे पॅड स्प्रिंगसकट घाला, स्प्रिंगचा पाय पॅडच्या तोंडावर येत नाही ना हे डोळ्यांनी बघा, पिन आणि लॉक लावा, मग चक्का. आता लिव्हर कडक लागेपर्यंत दाबत राहा, पहिले चारपाच वेळा तो हँडलला टेकेल, ते नॉर्मल. डिस्क एका बाजूला घासत असेल तर कॅलिपरचे, म्हणजे पॅड ज्यात बसतात त्या भागाचे, दोन बोल्ट ढिले करा, लिव्हर दाबून धरा आणि तसाच धरून बोल्ट आवळा.

आणि लगेच सेमिनरीचा उतार नको! नवा पॅड सुरुवातीला धरतच नाही. रिकाम्या सपाट रोडवर वीसेक वेळा जरा वेग घ्या आणि चक्का लॉक न करता चालण्याच्या वेगापर्यंत आणा. दहाबारा वेळानंतर पकड येताना हाताला कळते.

प्रश्न: चेनला तेल मारताना थोडं डिस्कवर उडालं. आता ब्रेक किंचाळतो आणि धरत नाही. पुसलं तरी फरक नाही.
— एक वाचक, वर्धा रोड

उत्तर: डिस्क पुसून साफ होते पण पॅड तेल पिऊन घेतो. वरचा थर पॉलिश पेपरने घासून अल्कोहोलने पुसा, एकदा चालवून बघा, नाही जमलं तर नवे घ्या. गॅसवर भाजून पॅड साफ होतात असं कुणी सांगितलं तर ऐकू नका राजेहो, मसाला पत्रीपासून सुटू शकतो. आणि पुढच्या वेळी चेनला स्प्रे मारूच नका, बाटलीतून एकेक थेंब सोडा आणि डिस्कवर जुनी पिशवी बांधून ठेवा.