तुमचे प्रश्न : रानमोडी, गाजर गवत आणि मातीतली बुरशी

प्रश्न : वरकस जमिनीतली रानमोडी तोडून कळकाची रोपे लावली. पाणी देतो, तरी ती पिवळी पडतात. माती बिघडली का?
– एक वाचक, ता. पाटण, जि. सातारा

उत्तर : तशी शक्यता आहे, आणि खत वाढवून माती सुधारणार नाही. रानमोडीच्या मुळांतून पाझरणाऱ्या द्रव्यांमुळे मातीत फ्युजॅरियम सेमिटेक्टम ही बुरशी वाढते. पश्चिम घाटातल्या अभ्यासात अशा मातीत कळक आणि काटेमाठ खुरटलेले आढळले; माती निर्जंतुक केल्यावर हा परिणाम ओसरला.

आधी एक रोप उपटून मुळी उभी चिरा. आत तपकिरी दिसली तर बुरशीचा संशय धरा. पांढरीशुभ्र असेल तर दोष दुसरीकडे शोधा.

नुसती तोडणी उपयोगाची नाही, बुडख्यातून रानमोडी पुन्हा फुटते. पहिल्या पावसानंतर जमीन मऊ असताना बुडखे कुदळीने काढा. तिचा पाला आच्छादन म्हणून रोपांभोवती मुळीच पसरू नका.

नव्या लागवडीसाठी खड्ड्यातली माती एप्रिल-मेमध्ये 15 सेंमीपेक्षा जाड नसलेल्या थरात पसरा, भिजवा आणि 25 मायक्रॉनच्या पारदर्शक प्लॅस्टिकखाली 4 ते 6 आठवडे तापवा. कडा मातीने नीट बुजवा, नाहीतर वाफ निसटते. अनेकजण घरात पडलेला काळा प्लॅस्टिकचा कागद वापरतात. त्याखाली माती तेवढी तापत नाही. या उष्णतेत उपयोगी बुरशीही मरू शकते. म्हणून लागवडीच्या वेळी प्रत्येक खड्ड्यात जुन्या, निरोगी कळकाच्या बेटाखालची ओंजळभर माती घाला. त्या बेटाभोवती रानमोडी नाही, एवढे मात्र पाहून घ्या.

प्रश्न : उसाला व्हॅम (मुळांना स्फुरद मिळवून देणाऱ्या बुरशीचे जैविक खत) दिले तर गाजर गवतही माजेल का?
– एक वाचक, ता. वाळवा, जि. सांगली

उत्तर : फोकून दिलेत तर थोडा वाटा त्यालाही मिळेल, कारण व्हॅमची बुरशी गाजर गवताच्या मुळांतही वस्ती करते. माठ आणि चाकवत या तणांना मात्र तिचा फारसा उपयोग नाही. पाकिटावरचे प्रमाण चाळलेल्या शेणखतात मिसळून लागणीवेळी सरीत, कांडीच्या अगदी खाली द्या. बेणे त्याच दिवशी कार्बेन्डाझिम या बुरशीनाशकात बुडवले असेल, तर पैसे वाया गेले समजा. सुपर फॉस्फेटचा डोस जड झाला तरी मुळे बुरशीला थारा देत नाहीत; माती परीक्षणात स्फुरद भरपूर निघाले तर व्हॅमच्या फंदात पडू नका.

गाजर गवत उगवल्यापासून 4 ते 6 आठवड्यांत फुलते. त्याआधी, वाफसा असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटा.