आधी केळीच्या बागेत दोरी लाव

यावल, 4 जानेवारी

पोरी,

अनेक आशीर्वाद. तांबड्या समुद्रात बुडालेली जहाजं बघायला निघालीस, त्या सामानाची तुझी यादी वाचली. सतरा वस्तूंपैकी पहिल्या चार कॅमेऱ्याच्याच आहेत. त्या चारही मी पेनाने खोडल्यात. आईला फोटो दाखवायचे असतील तर बोटीवर कुणाकडूनही मिळतील, तिथे ज्याच्या त्याच्या हातात कॅमेराच असतो. बुडालेल्या जहाजावर पहिल्यांदा उतरणाऱ्याचे दोन्ही हात रिकामे हवेत. राग आला असेल तर येऊ दे, पण पुढचं नीट वाच.

तुझ्या बाबांचा फोन येऊन गेला. "नाना, तठे काय ठेयेल शे?" एवढंच विचारत होते. इतके पैसे घालून, आठ दिवस बोटीवर राहून गंजलेलं लोखंड बघायला कोण जातं, असा त्यांचा रोख. मी म्हटलं, येऊ दे परत, मग तिलाच विचारा. त्यांना जे सांगितलं नाही ते तुला सांगतो. या प्रवासात मला काळजी वाटते ती डोक्यावरच्या छताची.

आपण खानदेशातली माणसं पाणी शिकतो ते विहिरीत. मीही पाठीला रॉकेलचा रिकामा डबा बांधूनच शिकलो. पंपाच्या फूटव्हॉल्वमध्ये कचरा अडकला की घरचे मला खाली पाठवायचे. पाइप धरत खाली जायचं, चाचपडून पालापाचोळा ओढायचा, दम संपत आला की पाइप सोडायचा. वर बघितलं की उजेडाचं गोल ताट दिसायचं, त्या दिशेने गेलं की सुटलो. तुझ्या आजवरच्या 22 डाईव्हमध्ये, अंदमान काय नि कर्नाटकातलं नेत्राणी बेट काय, हेच होतं: बिनसलं तर सावकाश वर. जहाजाच्या आत शिरलीस की ते ताट दिसत नाही. आधी आडवं बाहेर यायचं, मग वर. तुझी सगळी तयारी त्या आडव्या वाटेची आहे.

जहाजांवर इंजिन रूममध्ये नोकरी करत होतो तेव्हाची गोष्ट. एका परदेशी बंदराबाहेर जेमतेम 18 मीटरवर एक जुनी मालवाहू बोट पडलेली होती. माझ्या तेव्हा साठ-सत्तर डाईव्ह झालेल्या, म्हणजे शहाणपणाच्या आधी फुशारकी येते ते दिवस. भटारखान्याच्या दारातून डोकावलो, कोपऱ्यात मोठा मासा दिसला, म्हणून जरा आत गेलो. वळताना फिन, म्हणजे पायाचा रबरी पंख, जोरात मारली आणि कितीतरी वर्षांचा गाळ उठला. खळ्यावर उपणताना वारा फिरला की भुसा कसा तोंडावर येतो, तसा. पण भुसा निदान खाली बसतो. टॉर्च लावला तर समोर नुसतं पिवळट पांढरं. हवेचा गेज मास्कला टेकवला तरी आकडा दिसेना. बाहेरून माझा जोडीदार सिलिंडरवर ठोकत होता, टण टण. पण पाण्यात आवाजाला दिशा नसते, तो एकदम सगळीकडून येतो. डावा हात भिंतीला लावला तो सोडला नाही. शेगडी लागली, मग कसलीशी नळी, मग दाराची चौकट. जोडीदाराने ठोकायला लागल्यापासून घड्याळ बघितलं होतं. 6 मिनिटं. आणि दार माझ्यापासून चार मीटरवर होतं.

माझ्याकडे दोरी नव्हती. म्हणून कॅमेऱ्याच्या जागी मी तुझ्या यादीत आत जाताना सोडत जायच्या दोरीचं रीळ लिहिलंय.

रीळ विकत घेऊन बॅगेत टाकलं की काम झालं असं नाही. संक्रांतीला येशील तेव्हा आमच्या केळीच्या बागेत चल. पहिली गाठ बागेच्या बाहेर, उघड्यावर. दुसरी आत शिरल्या शिरल्या, पहिल्याच खोडाला. मग प्रत्येक वळणावर एक वेढा. दोरी ताणलेली, कमरेच्या खाली आणि सगळी एकाच बाजूने. पन्नास-साठ पावलं आत गेलीस की धाकट्याकडून डोळ्यांवर रुमाल बांधून घे. अंगठा आणि पहिलं बोट यांची कडी करायची, दोरी त्या कडीतून सरकू द्यायची आणि चालत बाहेर यायचं. दोरीला ओढ द्यायची नाही, ती फक्त वाट सांगते. ढिली सोडलीस तर पायात येईल, हे पहिल्या दहा मिनिटांत कळेल. मजूर हसतील. हसू दे.

त्याच्या जोडीला तरणतलाव. तळापासून वीतभर वर, हातपाय न हलवता, पाच मिनिटं तरंगून दाखव. मग बेडकासारखी लाथ शीक, गुडघे वाकवून, फिनचा झोत मागे जाईल अशी. वरखाली पाय मारणाऱ्याने गाळ उठवलाच म्हणून समज. रेक डायव्हिंगचा, म्हणजे बुडालेल्या जहाजावर उतरण्याचा, कोर्स करते आहेस ते उत्तम. त्यात सांगतील की बाहेरचा उजेड दिसतो तिथपर्यंतच जायचं, आणि खोली व आतलं अंतर मिळून 40 मीटरच्या पुढे नाही. परीक्षेपुरतं लक्षात ठेवून सोडून देऊ नकोस.

हवेचा हिशेब मात्र पाठ करू नको, कागदावर मांड. 12 लिटरची टाकी 200 बार दाबाला भरली की झाली 2400 लिटर हवा. वर तू मिनिटाला 20 लिटर घेतेस असं धरू. 30 मीटरवर दाब चौपट, म्हणजे मिनिटाला 80 लिटर. टाकी पार कोरडी होईपर्यंत अर्धा तास, बस. आणि कोरडी करायची नाहीच. तिसरा हिस्सा जायला, तिसरा यायला, उरलेल्याला हात लावायचा नाही. तो तुझा नसतोच, जोडीदाराची हवा संपली तर त्याचा असतो. आत शिरताना काटा 180 वर असेल तर 120 ला वळायचं. पुढच्या खोलीत अख्खं संग्रहालय असलं तरी. हा आकडा पाण्यात ठरवायचा नाही, कारण 30 मीटरवर नायट्रोजन डोक्यात चढतो, पेग घेतल्यासारखं होतं, आणि तेव्हा सगळंच बरं चाललंय असं वाटतं. डेकवर टाकी चढवताना जोडीदाराला मोठ्याने सांग, "माझा आकडा 120", आणि त्याचा विचारून घे. नायट्रॉक्सचं, म्हणजे जास्त ऑक्सिजनच्या हवेचं, कार्ड करून घे, दिवसाला चार डाईव्ह असताना त्याचा फायदा आहे. पण 32 टक्के ऑक्सिजनच्या मिश्रणाने 33 मीटरच्या खाली जायचं नाही, आणि टाकीतला ऑक्सिजन स्वतः मोजल्याशिवाय सही करायची नाही. बोटीवरचा पोरगा कितीही गोड बोलला तरी.

आता जहाजं. तांबड्या समुद्रातल्या अबू नुहासच्या खडकावर कर्नाटिक आहे. 1869 च्या सप्टेंबरात सुएझहून आपल्या मुंबईला निघालेली ही आगबोट तिथे आदळली, दुसऱ्या दिवशी मोडली आणि 31 माणसं गेली. दोनच महिन्यांनी, नोव्हेंबरात, सुएझ कालवा खुला झाला. तिच्या लाकडी फळ्या कधीच कुजून गेल्या, लोखंडी फासळ्या उरल्यात आणि त्यांच्यामधून दोन्ही बाजूंनी उजेड येतो. आत जाण्याची पहिली सवय तिथे कर.

थिसलगॉर्म या ब्रिटिश मालवाहू जहाजाचं प्रकरण वेगळं. 6 ऑक्टोबर 1941 ला, मध्यरात्रीनंतर, जर्मन विमानांनी बॉम्ब टाकले, दारूगोळ्याचा स्फोट झाला, जहाज 30 मीटरवर जाऊन बसलं. आत बेडफर्ड ट्रक आहेत, बीएसएच्या मोटरसायकली, रायफली, रबरी बुटांचे ढीग. नऊ माणसं तिथे मेली, हे ट्रकपुढे पोज देणाऱ्यांच्या ध्यानात राहत नाही. तिथून लोकांनी वर्षानुवर्षं वस्तू उचलून नेल्या. तू शिंपलासुद्धा आणू नकोस. तिथे प्रवाह जोराचा असतो, उतरताना-चढताना बोटीपासून जहाजापर्यंत बांधलेल्या दोरीला धरून राहा. खाली गेल्यावर पहिली डाईव्ह फक्त बाहेरून फिर. दारं कुठे, उजेड कुठून येतो, दुसरीकडून निघता येतं का, ते बघ. नवं घर घेताना आपण आधी मागचं दार बघतो ना, तसं. आत शिरायचं ते दुसऱ्या डाईव्हला.

मागच्या दाराचीच गोष्ट बोटीलाही लागू. 2019 च्या सप्टेंबरात कॅलिफोर्नियाच्या किनाऱ्याजवळ एका डायव्हिंगच्या बोटीला रात्री आग लागली. रात्रपाळीला जागं कुणीच नव्हतं. खाली झोपलेले 34 जण वर येऊच शकले नाहीत. 2024 च्या नोव्हेंबरात तांबड्या समुद्रातही एक बोट उलटली. हे बाबांना वाचून दाखवू नको. तू मात्र चढल्या चढल्या, बॅग उघडायच्या आधी, तुझ्या केबिनपासून बाहेर पडायच्या दोन्ही वाटा चालून ये. दुसरी वाट बहुतेक वेळा छतातल्या झाकणाची असते. ते झाकण स्वतः उघडून बघ, वर कुणी सामान रचलंय का तेही. रात्री पहाऱ्याला कोण असतं ते कॅप्टनला विचार. टॉर्चच्या बॅटऱ्या केबिनमध्ये चार्जिंगला लावून झोपायचं नाही.

बाकीचं झटपट. मार्चमध्ये तिथलं पाणी 22 अंशांच्या आसपास असतं. मेमधल्या भुसावळात वाढलेल्या अंगाला ते चौथ्या डाईव्हपर्यंत हुडहुडी भरवतं, 5 मिलिमीटरचा सूट आणि डोक्याची टोपी ने. मास्क दोन. माझ्या मास्कचा पट्टा एकदा पहिल्याच सकाळी तुटला आणि आठवडाभर दुसऱ्याचा गळका मास्क वापरावा लागला. दोन टॉर्च, दोरी कापायची कात्री. रेग्युलेटर (श्वास घ्यायचं यंत्र), मनगटावरचा डाईव्ह कॉम्प्युटर आणि सुट्या बॅटऱ्या विमानात जवळच्या बॅगेत. बोट लागण्याची गोळी आधी घरी घेऊन बघ, काहींना त्याने दिवसभर झोप येते. ज्वारीचे बिबडे घेऊन जा. तिकडे सकाळी फूल नावाची बाकल्याची उसळ मिळते, आपल्या जिभेला चालते, फक्त तिखट नसतं. पाणी पीत राहा, लघवीला पुन्हा पुन्हा जावं लागेल या संकोचाने पोरी कमी पितात आणि मग अंगात नायट्रोजनचे बुडबुडे होऊन त्रास व्हायची शक्यता वाढते. साध्या प्रवास विम्यात स्कूबा बहुतेक वेळा नसतं, डायव्हिंगचा वेगळा काढ. शेवटच्या डाईव्हनंतर 24 तास विमान नाही. परतीचं तिकीट काढलंयस ते कितीचं, मला कळव.

एक काम माझं आहे. आमचे अण्णा भुसावळच्या लोको शेडमध्ये फायरमन होते. थिसलगॉर्मच्या डेकवर वाफेची दोन इंजिनं होती. स्फोटात उडून ती जहाजाच्या दोन बाजूंना तळाला पडली आहेत. शेवटच्या डाईव्हला प्रवाह नसेल, काटा 150 च्या वर असेल आणि गाइड हो म्हणाला, तर एकाजवळ जा आणि जोडलेली मोठी चाकं मोजून ये. आठ असली पाहिजेत. यातलं एकही जमत नसेल तर नको, अण्णांना घाई नाही.

संक्रांतीला बाग दाखवतो, फक्त ठिबकच्या नळ्या बघून चाल. गेल्या वर्षी पाहुण्यांनी दोन तोडल्या. आणि तुझ्या जहाजावर त्या जागी मासेमारीची जुनी जाळी असतात, तेव्हा रुमाल बांधल्यावरही पाय उचलूनच टाक.

तुझा नाना