फिजिओथेरपीचं शिक्षण स्वस्त आणि आवाक्यात कसं आणता येईल?

फी कमी करा म्हणणं सोपं, पण खरा खर्च वर्षांचा असतो. ब्रिटनमध्ये ३-४ वर्षांच्या पदवीवर फिजिओथेरपिस्ट होता येतं. अमेरिकेत आधी पदवी आणि वर साधारण ३ वर्षांची डॉक्टरेट. तेवढी वर्षं कमाई बंद, ते कोणी फीमध्ये धरत नाही. तिथे काही विद्यापीठांनी थिअरी ऑनलाइन नेऊन हा डॉक्टरेटचा कोर्स २ वर्षांवर आणलाय. प्रॅक्टिकलला मात्र कॅम्पसवर जावंच लागतं, आणि ते बरोबरच आहे: गुडघा किती वाकतो हे समोरच्याचा पाय हातात धरून, गोनिओमीटर (सांध्याचा कोन मोजायचं साधन) लावूनच कळतं.

माझ्या मते सगळ्यात दुर्लक्षित खर्च क्लिनिकल पोस्टिंगचा, म्हणजे हॉस्पिटलमध्ये रुग्णांवर काम करत शिकण्याचा. बरेचदा बिनपगारी काम, वर परगावी खोलीचं भाडं! तिथे स्टायपेंड द्या, नाहीतर घराजवळचं हॉस्पिटल तरी. शिष्यवृत्त्यांचं नंतर बघू.