हात कोणी कोणी लावला?

प्रिय बाय,

तुझा मेसेज काल रात्री वाचला, उत्तर लगेच टाईप करायला घेतलं पण मोबाईलवर एवढं जमेना, म्हणून आज सकाळी निवांत लिहायला बसलोय. मी सांभाळायचो ते भटक्या आणि मेलेल्या जनावरांचं टेबल तुला मिळून तीनच आठवडे झालेत आणि एका बाजूने लोक ऑफिसात येऊन ओरडतात की कुत्री उचला आणि लांब नेऊन सोडा, दुसऱ्या बाजूने काहीजण मोबाईल धरून गाडीच्या मागे येतात की हात लावून दाखवा, आणि साहेब म्हणतात दोन्हीकडून सांभाळून घ्या. शेवटी विचारलंयस की काका, यातलं पहिलं काय शिकू?

जाळी कशी टाकायची ते गाडीवरची पोरं तुला महिन्याभरात शिकवतील, माझ्यापेक्षा चांगलं शिकवतील. नियम वाचून येतात. मी तुला जे सांगणार आहे ते माझ्या चुकीतून आलंय आणि ती चूक मी फार थोड्या लोकांना सांगितलीय, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

श्रावणाचे दिवस होते. खाडीकडच्या एका वाडीतून फोन आला, पिल्लू मेलंय, वास येतोय, उचलून न्या. मी गाडीबरोबर गेलो. पडवीच्या कडेला जाळ्यांच्या ढिगामागे दोनअडीच महिन्यांचं तांबडं पिल्लू आडवं पडलेलं, जबड्याखाली लाळ वाळून तिला वाळू चिकटलेली, आणि शेजारी ताटलीत दूध तसंच, वर मुंग्या. ती ताटली मी बघितली होती. पिल्लाने दूध का प्यायलं नाही हा प्रश्न मला तेव्हाच पडायला हवा होता, पण अजून दोन ठिकाणी जायचं होतं, पाऊस भरून आला होता, नाही पडला. वाडीतल्याच एकाने पिल्लू गोणत्यात भरून दिलं, आमच्या पोरांनी नेऊन पुरलं, आणि मी रजिस्टरला ओळ लिहिली, "मयत पिल्लू १, विल्हेवाट लावली."

दिवाळी झाल्यावर तोच गोणतं भरून देणारा माणूस गेला. पाणी गिळता येईना म्हणून दवाखान्यात नेला, तिथून मोठ्या हॉस्पिटलला पाठवला, पण रेबीजची लक्षणं एकदा दिसली की माणूस जवळपास वाचतच नाही. मागाहून कळलं की पिल्लू मरायच्या दोन दिवस आधी त्याच्या घशात काटा अडकलाय असं वाटून याने तोंडात बोट घातलं होतं, तेव्हा दात लागला. मच्छी साफ करणाऱ्याच्या हाताला रोज एवढं लागतंच, त्याने खाडीच्या पाण्यात हात धुतला आणि विसरला. बिचाऱ्याने पिल्लाचं भलंच बघितलं होतं गं.

मी भेटायला गेलो तेव्हा त्याची बायको एवढंच म्हणाली, "त्या दिवसा तुमी इल्लात, तेव्हा कित्याक सांगूक नाय?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. अजून नाही. मग आम्ही आरोग्यसेविकेला घेऊन घरोघर फिरलो, जे श्रावणात करायचं होतं ते कार्तिकात केलं, आणि दात, नख किंवा खरचटलेल्या जागेवर लाळ यातलं काहीतरी लागलेली ११ माणसं निघाली, त्यात पाच शाळेतली पोरं. सगळ्यांना इंजेक्शनं दिली, सगळी सुखरूप आहेत. पण हेच श्रावणात विचारलं असतं तर तो माणूसही आज असता.

म्हणून तुला पहिलं हेच सांगतो. मेलेलं जनावर उचलायचा फोन आला की त्याला कचरा उचलायचं काम समजू नकोस. कधीपासून आजारी होतं, खात-पीत होतं का, लाळ गळत होती का, भुंकणं बदललं होतं का, उगाच माती-लाकूड चावत होतं का, मागचे पाय ओढत होतं का, आणि मग कोणाला चावलं, कोणी उचललं, कोणी तोंडात बोट घातलं. हे अंगणात उभं राहून विचारू नकोस, अंगणात पुरुष माणसं येतात आणि "कोणी नाय, कोणी नाय" म्हणून मोकळी होतात. मागच्या दाराला जा, बायकांना विचार, पोरांना वेगळं विचार, रागावणार नाही असं आधी सांगून विचार. तू बाई आहेस, तुला चुलीपर्यंत जाता येईल, मला ते कधीच जमलं नाही. नुसतं दूध घातलं किंवा पाठीवरून हात फिरवला तर घाबरायचं कारण नाही, तेही सांग, नाहीतर अख्खी वाडी दवाखान्यात उभी राहते आणि ज्याला खरी गरज तो रांगेला कंटाळून घरी जातो.

संशय असला तर जनावर पुरायच्या आधी पशुवैद्यकीय दवाखान्यातल्या डॉक्टरांना फोन कर. तपासणीला मेंदूचा नमुना लागतो आणि तो बर्फात ताजा पोचावा लागतो, आपल्याकडच्या दमट हवेत एक दिवस गेला की हातातलं गेलं. चावलेल्या माणसाला मात्र रिपोर्टसाठी थांबवायचं नाही. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पूर्ण १५ मिनिटं धुवायची, आणि त्याच दिवशी दवाखाना. जखम खोल असेल, रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत रेबीजविरोधी सीरमही द्यावं लागतं, ते आपल्या दवाखान्यात शिल्लक आहे की नाही हे तू दर सोमवारी फोन करून विचारत जा, आयत्या वेळी नको. कुत्रं जिवंत सापडलं तर १० दिवस नजरेखाली ठेवायचं. लोक अजून हळद, चुना, मिरचीपूड भरतात, कोणी गावठी औषधाला नेतात. त्यांना अडाणी म्हणू नकोस, तसं म्हटलं की पुढच्या वेळी ते तुला कळवतच नाहीत. मी म्हणायचो देवाला नारळ ठेवा, मी पण येतो, पण आधी इंजेक्शन घेऊ.

हेच माकडांचं. दोडामार्गात २०१६ ला माकडतापाची साथ आली तेव्हा जंगलात मरून पडलेली माकडं हीच पहिली खूण होती. हा ताप गोचिडीतून येतो, माकड मेलं की त्याच्या अंगावरच्या गोचिडी खाली उतरतात. तेव्हा मेलेलं माकड दिसलं की आपल्या पोरांनी तसंच उचलायचं नाही, वन विभाग आणि आरोग्य केंद्र दोघांना कळवायचं आणि पुन्हा तोच प्रश्न, जवळ कोण कोण गेलं होतं.

आता जिवंत कुत्र्यांवर येतो. तुझ्यासमोर ओरडणाऱ्या दोन्ही बाजूंना घाबरू नकोस. कुत्री लांब नेऊन सोडा म्हणणाऱ्या माणसाच्या घरात बहुतेक वेळा कोणीतरी चावलेलं असतं, त्याला आधी ते विचार, पोराचे डोस पूर्ण झाले का विचार, आवाज आपोआप खाली येतो. आणि जी बाई रोज संध्याकाळी कुत्र्यांना भात घालते, तिच्याइतकी माहिती तुझ्या पूर्ण खात्यात कोणाकडे नाही. कुठली कुत्री गाभण, कुठली नवीन आली, कुठला कुत्रा चार दिवस दिसला नाही, तिला सगळं माहीत असतं. तिची कुत्री तिच्या हाताने पिंजऱ्यात येतात, जाळी लागतच नाही. माझी निम्मी पकड अशा दोन बायकांच्या जिवावर झाली.

२०२३ च्या प्राणी जन्म नियंत्रण नियमांत नसबंदी करून, लस टोचून, कानाला खाच देऊन कुत्रं जिथून उचललं तिथेच सोडायला सांगितलंय. लोकांना वाटतं ही कुत्र्यांवरची दया आहे. मला विचारशील तर ही माणसांची सोय आहे. एका वर्षी आमच्याकडे ठेका घेतलेल्या संस्थेच्या गाडीने डिझेल वाचवायला बाजारातली २० कुत्री एकाच किनाऱ्यावर सोडली, आणि मी सही केली, जागा बघायला गेलो नाही. बाजाराच्या रिकाम्या जागेत महिन्याभरात नवी, लस न टोचलेली कुत्री आली, आणि किनाऱ्यावरची जुनी आणि ही नवी रोज भांडायची, त्या भांडणात सकाळी फिरायला येणारे दोघं चावले गेले, शिवाय कासवाची दोन घरटी उकरली. आपल्याकडे वायंगणी, वेळास अशा किनाऱ्यांवर माणसं रात्री जागून ऑलिव्ह रिडले कासवांची अंडी राखतात, आणि आपण नेऊन कुत्री सोडायची? तेव्हापासून मी रजिस्टरला जागा लिहिताना "बाजारपेठ" असं कधीच लिहिलं नाही, विजेच्या खांबाचा नंबर लिहायचो. तू पण खांबाचा नंबर लिही. शंभरातल्या ७० कुत्र्यांना लस असली तर रेबीजची साखळी तुटते असं धरतात, पण ती ७० कुठली हे माहीत असेल तरच त्या आकड्याला अर्थ.

हल्ली सुप्रीम कोर्टाचे आदेशही पाठोपाठ आलेत. ७ नोव्हेंबर २०२५ च्या आदेशात शाळा, हॉस्पिटल, बस स्टँड, रेल्वे स्टेशन, क्रीडा संकुल यांच्या आवारातली कुत्री उचलून निवाऱ्यात ठेवा, परत तिथे सोडू नका असं सांगितलंय. या जागांसाठी वेगळं रजिस्टर कर आणि आदेशाची पूर्ण प्रत फाईलला लाव, व्हॉट्सअॅपवर फिरतं त्यावर एकही निर्णय घेऊ नकोस.

महत्त्वाचं, कॅलेंडर. कुत्र्याचा हंगाम भाद्रपद, हे आपल्या आजीलाही माहीत होतं. गाभण राहिल्यापासून साधारण दोन महिन्यांनी, म्हणजे कार्तिक-मार्गशीर्षात पिल्लं पडतात, ती पण कुठे, तर चाकरमान्यांच्या बंद घरांच्या पडवीत नि मांगरात, जिथे वर्षभर कोणी झाडू मारायला जात नाही. सहा महिन्यांच्या आतलं पिल्लू नसबंदीला उचलायचं नाही. म्हणजे त्या माद्या हाताला लागतात वैशाख-ज्येष्ठात, आणि भाद्रपद यायच्या आत त्यांचं ऑपरेशन व्हायला पाहिजे, ऑपरेशननंतर किमान चार दिवस कोरड्या जागेत ठेवायला पाहिजे, आणि मिरग लागला की आपल्याकडे कोरडी जागा कुठे मिळते ते तू जाणतेसच. आता ऑफिसचं कॅलेंडर बघ, मार्च एंड, मग बजेट, मग टेंडर, मग फेरटेंडर, आणि वर्क ऑर्डर हातात येते ती गणपतीत, जेव्हा निम्मा स्टाफ रजेवर आणि माद्या गाभण राहायला लागलेल्या. सात-आठ वर्षं माझे पैसे असेच गेले, खर्च झाले पण कुत्री कमी झाली नाहीत. नंतर मी फाईल डिसेंबरातच हलवायला लागलो, रोज सकाळी अकौंटला जाऊन उभा राहायचो, लोकांना राग यायचा, येऊ दे. तू पण डिसेंबरातच हलव. आणि मच्छी मार्केट, चिकनची दुकानं यांचा कचरा संध्याकाळी उचलला जातो का ते स्वतः बघून ये, जेटीवर आतडी पडून राहिली तर कितीही नसबंदी कर, कुत्री तिथेच गोळा होणार.

गुरांचं थोडक्यात. भातकापणी झाली की गुरं मोकळी सोडायची ही आपली जुनी रीत, पण आता पावसातही सोडतात आणि ती कोरड्या डांबरावर, हायवेवर येऊन बसतात. कोंडवाड्यात आणलं की आधी चारा-पाणी, मग कानातल्या पिवळ्या बिल्ल्यावरचा १२ आकडी नंबर वाचून मालक शोध, दंडाचं नंतर. साप, बिबट्या, मगर हे आपलं काम नाही, वन विभागाचा १९२६ नंबर पाठ कर आणि तुझ्या पोरांपैकी कोणालाही काठी घेऊन फुरशाच्या मागे जाऊ देऊ नकोस.

आणि पोरांवरून आठवलं. गाडीवरची पोरं ठेकेदाराची असतात, म्हणून त्यांच्या लसीचं कोणी बघत नाही. चावायच्या आधी घ्यायची रेबीजची लस असते, पहिल्या दिवशी, सातव्या दिवशी आणि मग २१ व्या किंवा २८ व्या. त्यांचे डोस पूर्ण झाल्याशिवाय जाळी हातात देऊ नकोस, ठेकेदार काय म्हणायचं ते म्हणू दे. गमबूटही दे, पावसात साचलेल्या घाण पाण्यातून लेप्टोचा ताप येतो. आणि तू स्वतः घेतलीस का लस? मेसेजमध्ये लिहिलं नाहीस. नसशील तर हे पत्र खाली ठेव आणि आधी दवाखान्यात जा.

माझ्या जुन्या वह्या अजून माझ्याकडे आहेत, खांबाच्या नंबरांसकट, कुठल्या वाडीत कोणाला विचारायचं त्या नावांसकट. एसटीने पाठवत नाही, भिजतील. येत्या रविवारी तू ये आणि घेऊन जा, सकाळीच ये, म्हणजे वाटेत खाडीकडच्या त्या वाडीतही जाऊन येऊ. त्या घरातला मुलगा आता मोठा झालाय, वाडीत कुठलं कुत्रं आजारी दिसलं की अजूनही मलाच फोन करतो, त्याला आता तुझा नंबर द्यायला पाहिजे.

तुझा,
काका