मनोविकृतींचे प्रकरण वाचणाऱ्या विद्यार्थिनीस

प्रिय विद्यार्थिनीस,
अनेक शुभाशीर्वाद.

तुझे पत्र मिळाले. अपसामान्य मानसशास्त्राचे पुस्तक निम्मे होईपर्यंत स्वतःला चिंताविकृती, आईला मंत्रचळ (तेच ते विचार आणि कृती पुन्हा पुन्हा होत राहण्याची विकृती) आणि वसतिगृहातील मैत्रिणीला नैराश्य असल्याची तुझी खात्री पटली, हे वाचून मला नवल वाटले नाही. वैद्यकीचे विद्यार्थी ज्या रोगाचे प्रकरण वाचतात, त्याच रोगाची लक्षणे त्यांना स्वतःत दिसू लागतात, हे जुनेच निरीक्षण आहे. आपल्या विषयात तर भीती आणि उदासी कोणाच्या वाट्याला येत नाही? म्हणून लक्षणांच्या यादीपेक्षा तिच्याखाली दिलेल्या अटी आधी वाचत जा.

आईचेच उदाहरण घेऊ. घरातून निघताना ती गॅसचा रेग्युलेटर दोनदा पाहते, कुलूप ओढून बघते आणि बसस्टॉपवर पोहोचेपर्यंत ते विसरूनही जाते. त्याच शंकेने जी बाई रोज बसमधून उतरून घरी परतते, कामावर बोलणी खाते आणि यात अर्थ नाही हे कळत असूनही थांबू शकत नाही, तिची गोष्ट निराळी. कृती दोघींची एकच. पण निदानासाठी असे विचार आणि कृती दिवसाचा तासाहून अधिक वेळ खात असाव्यात, किंवा त्यांच्यामुळे लक्षणीय त्रास वा कामात अडथळा होत असावा लागतो. सामान्यीकृत चिंताविकृतीसाठी, म्हणजे अनेक गोष्टींबद्दल सतत वाटणाऱ्या अवाजवी काळजीसाठी, २०१३ च्या डीएसएम-५ या मनोविकृतींच्या अमेरिकन निदान-पुस्तिकेत किमान सहा महिन्यांची अट आहे. परीक्षेचे वेळापत्रक लागल्यापासून तुझ्या पोटात गोळा येतो आहे. त्याला अजून महिनाही झालेला नाही. या सीमारेषा तज्ज्ञांनी एकत्र बसून ठरवलेल्या आहेत, रक्ताच्या तपासणीत त्या सापडत नाहीत, हे खरे. तरीही त्या पाळल्या नाहीत तर प्रत्येक घरात एक रुग्ण सापडेल.

तुला आहे तो ताण आहे, आणि त्याला क्षुल्लक म्हणण्याचे कारण नाही. हान्स सेल्ये यांनी १९३६ मध्ये उंदरांवरील प्रयोगांतून दाखवले की थंडी, इजा, अतिश्रम अशी कारणे वेगवेगळी असली तरी शरीराचा प्रतिसाद सारखाच असतो: मूत्रपिंडांवरच्या अधिवृक्क ग्रंथी वाढतात, छातीतली थायमस ग्रंथी आक्रसते, जठरात व्रण पडतात. मात्र माणसाच्या बाबतीत ही मांडणी अपुरी पडते, असे मला वाटते. एकाच प्रश्नपत्रिकेने एकीची झोप उडते आणि दुसरी निवांत घोरते, याचा उलगडा मानसशास्त्रज्ञ रिचर्ड लाझारस यांच्या सिद्धान्ताने अधिक चांगला होतो. आपण प्रसंगाचा अर्थ कसा लावतो आणि त्याला तोंड देण्याचे बळ आपल्यात कितपत आहे असे मानतो, यावर ताण ठरतो.

अमेरिकन मानसशास्त्रज्ञ अल्बर्ट एलिस यांची उपचारपद्धती याच जागेवर, म्हणजे आपण लावलेल्या अर्थावर, बोट ठेवते. एलिस यांच्याशी दीर्घकाळ पत्रव्यवहार केलेले डॉ. कि. मो. फडके यांनी ती महाराष्ट्रात रुजवली आणि विवेकनिष्ठ मानसोपचार म्हणून ती मराठी वाचकांना ठाऊक झाली. तू लिहितेस, ‘तोंडी परीक्षेत मी अडखळताच कामा नये.’ उपचारक यातल्या ‘च’ला धरून विचारेल: असा नियम कुठे आहे? अडखळलीस तर गुण जातील आणि वाईट वाटेल, पण त्यावरून तू नालायक कशी ठरतेस? हा ‘गोड विचार कर’ असला उपदेश नव्हे. येथे दुराग्रहाचे इच्छेत रूपांतर करायचे असते, आणि ते वादविवाद करून, गृहपाठ देऊन, पुन्हा पुन्हा करावे लागते.

पहाटे जाग येऊन स्वप्न लख्ख आठवणे हे आजाराचे लक्षण आहे का, असेही तू विचारले आहेस. एवढ्यावरून तसे म्हणता येत नाही. झोपेचे चक्र साधारण नव्वद मिनिटांचे असते आणि डोळ्यांच्या जलद हालचालींची अवस्था रात्रीच्या उत्तरार्धात लांबत जाते. त्या अवस्थेतून जाग आली की स्वप्न ताजे असते. रात्री दोनपर्यंतचे वाचन आणि सोबतचा चहा तेवढा बंद कर.

मैत्रिणीबद्दल मात्र मला काळजी वाटते. तीन आठवडे तिचा डबा तसाच परत जातो, नाटकाच्या तालमी तिने सोडल्या, दुपारपर्यंत ती अंथरुणातून उठत नाही, असे तू लिहितेस. नैराश्याच्या निदानासाठी दोन आठवड्यांचीच अट आहे. तरीही ‘तुला नैराश्य आहे’ असे तिला सांगू नकोस. निदान करणे तुझे काम नाही. तुला जे दिसले तेवढेच बोल, आणि जीव नकोसा वाटतो का, हे सरळ विचार. असे विचारल्याने ती कल्पना कोणाच्या डोक्यात शिरत नाही. उत्तर होकारार्थी आले तर तिला एकटी सोडू नकोस, वसतिगृहाच्या अधीक्षकांना आणि तिच्या घरी त्याच वेळी कळव आणि तिला लगेच रुग्णालयात घेऊन जा. एरवीही या आठवड्यातच तिच्यासोबत मनोविकारतज्ज्ञांकडे जा. गोळ्या लागतील की समुपदेशन पुरेल, ते डॉक्टर ठरवतील. फोनवर सल्ला हवा असेल तर टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतसेवेचा १४४१६ हा क्रमांक दिवसरात्र सुरू असतो आणि तेथे मराठीत बोलता येते. डबा कोणत्या तारखेपासून परत जातो आहे, झोप किती तास होते, हे डॉक्टर विचारतील आणि तिला ते नीट सांगता येणार नाही. तेव्हा तिला विचारून ते कागदावर टिपून ने.

तुझा,
सर