बाकी सगळ्यात हुशार, मग गणितातच का अडतंय?

"मॅडम, गोष्ट एकदा ऐकली की तोंडपाठ होते हिची, मग आठ अधिक पाच इतक्यांदा सांगून दुसऱ्या दिवशी पाटी कोरी कशी? मुद्दाम करते का?" तिसरीतल्या एका मुलीच्या आईने विचारलं. असे पालक सारखे येतात, म्हणून लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.

मी टेबलावर पाच बटणं ठेवली. तिने बोट लावून मोजली, बरोबर पाच. मग तिच्यासमोरच ती जरा लांब लांब सरकवली आणि विचारलं आता किती, तर परत एकपासून सुरुवात. तीन ठिपके दाखवले तरी मोजूनच सांगायची, खरं तर या वयात तेवढे नुसत्या नजरेने कळतात. आठ अधिक पाचला दहा बोटं संपली की अडकायची आणि आईकडे बघायची. आळस कसला हो, पोर केवढी मेहनत करत होती!

अशा खुणांमागे डिस्कॅल्क्युलिया, म्हणजे आकडे आणि गणित शिकण्यातली खास अडचण, असू शकतो. तो साधारण 3 ते 7 टक्के मुलांत दिसतो. बुद्धी कमी नसते, फक्त आकडा ऐकून 'म्हणजे किती' हे पटकन उमगत नाही, म्हणून मग 52 मोठे की 48 इथे गोंधळ, काट्यांचं घड्याळ कळत नाही, वीसपासून उलटे आकडे म्हणता येत नाहीत, हातचा कुठे मांडायचा सुचत नाही, पाढे आज पाठ आणि उद्या गायब.

पण एकदोन खुणांवरून लगेच शिक्का मारू नका. आधी डोळे-कान तपासा, शाळा बुडालीये का, नुसती गणिताची भीती आहे का ते बघा. जादा शिकवूनही निदान 6 महिने तीच अडचण राहिली तर चाईल्ड सायकॉलॉजिस्टकडून रीतसर तपासणी करून घ्या, सोबत डिस्लेक्सिया (वाचन-लेखनातली अडचण) किंवा एडीएचडी (लक्ष न टिकणं, अति चंचलपणा) असू शकतो, तेही विचारा. यावर गोळी-औषध नाही, रेमेडियल शिक्षकाची, म्हणजे शिकण्यात अडचण असलेल्या मुलांना वेगळ्या पद्धतीने शिकवणाऱ्या शिक्षकाची मदत मात्र खूप उपयोगी पडते.

तोवर घरी रोज थोडाच वेळ बसा, आधी हातात वस्तू, मग ठिपक्यांचं चित्र, आकडे सगळ्यात शेवटी. बोटं वापरू द्या. टायमर लावणं आणि चारचौघांत पाढे विचारणं कृपा करून बंद करा.

त्या आईला तपासणीच्या रिपोर्टचीच धास्ती होती, पण त्याच्याच आधारावर शाळेकडे जादा वेळ आणि पाढ्यांचा तक्ता मागता येतो. तपासणीला जाताना चुकांच्या वह्या तशाच न्या, खोडून दुरुस्त केलेल्या नकोत.